रिकाम्या काचेवरची सही

श्टुटगार्ट, ४ नोव्हेंबर १९७३

प्रिय वहिनी,

दोन महिने तुझ्या पत्राची वाट बघतेय, आणि शेवटी पत्र आलं कुणाचं, तर बंबवाल्या ब्लाझचं. पाकीट उघडेपर्यंत माझा जीव खालीवर. म्हटलं, गावाला आग लागली की काय. वाचलं तर भलतीच बातमी. बंबघराच्या माडीवरची मोठी खोली रिकामी करून तिथं आपल्या इम्ब्रोच्या चित्रांचं दालन करायचं घाटतंय, आणि हे मला त्याच्या बायकोनं नाही, ब्लाझनं कळवायचं. शोभतं का तुला?

चेष्टा करतेय गं. खरं सांगायचं तर पत्र वाचून मी चुलीपाशी उभी राहून रडले. आपलं ब्रेस्तोवो ते काय, साठ घरं, द्रावा नदीचा चिखल आणि अंगावर धावून येणारे हंस. तिथं माझा भाऊ हिवाळ्यात शेतं झोपली की काचेवर चित्रं काढायचा, आणि ती न्यायला इटलीहून, जर्मनीहून गाड्या यायच्या. मी इथं दिवसभर गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवते. नाव विचारतं कोण. पण परवा आमचा मुकादम घरी आला होता. मी निघताना इम्ब्रोनं दिलेलं ते गाईचं चित्र भिंतीवर आहे ना, त्याच्यासमोर त्यानं टोपी काढली. 'माझ्या भावानं काढलंय' असं म्हणताना माझी मान अशी ताठ झाली की दुसऱ्या दिवशी दुखत होती.

त्याला जाऊन नऊ महिने झाले. आता त्याचं नाव गावात कायमचं राहील. सगळं नीट लिही. दालनात लावायला काय काय आहे? त्यानं मागं एखादं नवं चित्र ठेवलंय का? आणि गुडघे कसे आहेत तुझे?

तुझी,
रोझा


ब्रेस्तोवो, २५ नोव्हेंबर १९७३

प्रिय रोझावन्सं,

रागावू नका. मला लिहायला बसलं की शब्द सुचत नाहीत आणि मग उठून भांडी घासावीशी वाटतात. गुरुवारी डुक्कर कापलं. शेजारची द्रागा पहाटेच सुरी घेऊन हजर. तुमच्यासाठी दोन सॉसेज धुरात टांगलेत. गुडघे आहेत तसेच.

खोलीचं काम जोरात आहे. बायकांनी चुना लावला, ब्लाझनं शेगडी बसवली. दर शनिवारी तिल्दा मास्तरीणबाई शाळेतली चौदा पोरं पाठवतात. मी त्यांना काच कशी धुवायची ते दाखवते. त्यानंतर पोरं काय काय विचारत बसतात आणि संध्याकाळ होते.

पण एक घोळ झालाय. कोप्रिव्हनित्साहून जिल्ह्याचे साहेब आले होते. माणूस चांगला, दोनदा वाढून घेतलं. त्यांचं म्हणणं, गावात काम करणारा चित्रकार असेल आणि तो मुलांना शिकवणार असेल, तर सरपण, काचा, रंग, सगळं जिल्हा देईल. पण चित्रकारच गेलेला असेल तर नुसत्या आठवणीसाठी खेड्यात खोली कशाला? चित्रं शहरातल्या संग्रहालयात नेऊ, तिथं ओल लागणार नाही. मे महिन्यापर्यंत गावानं एक नवं चित्र दाखवायचं, आणि ते काढणारं माणूस. नाहीतर भिंती पुन्हा रिकाम्या. साहेब हे बोलत असताना ब्लाझ माझ्याकडे बघत होता. मी ताटं उचलून आत गेले.

इम्ब्रोनं मागं चित्र ठेवलेलं नाही. कपाटावर तीन काचा आहेत, त्यांवर नुसती त्याची सही आहे. तुम्ही कधी शेजारी बसून बघितलं नाहीत म्हणून सांगते. आपल्याकडे चित्र काचेच्या मागच्या बाजूनं रंगवतात. जे सगळ्यांत पुढं दिसायचं ते सगळ्यांत आधी. आधी डोळ्यातला ठिपका, मग डोळा, मग गाल, मग घर, झाडं, आणि आभाळ शेवटी. एकदा डोळ्यावर गाल चढला की डोळा दुरुस्त करता येत नाही. आणि सही तर सगळ्यांच्या पुढं, म्हणून तीच पहिली, तीही उलट्या अक्षरांत. त्या तीन काचा म्हणजे तेवढंच.

थंडी फार पडलीय. जपा.

तुमची,
येला


श्टुटगार्ट, ९ डिसेंबर १९७३

प्रिय वहिनी,

तू एवढी मोठी गोष्ट डुकराच्या गोष्टीखाली दडवून लिहितेस. तीन काचा सहीसकट कपाटावर आहेत आणि तू रडतेयस की चित्र नाही म्हणून?

मी तोडगा काढलाय. रविवारी चर्चमध्ये मिसा झाल्यावर आपल्याकडच्या सगळ्या मंडळींत बोलले, सगळ्यांना पटलं. तो पिंपं करणारा व्हालेंट आहे ना, इम्ब्रोकडे अगदी सुरुवातीला दोन हिवाळे शिकायला येत होता. त्याला त्या काचा दे. त्यानं भरायच्या. इम्ब्रोची सही आहेच, हात त्याच्याच शिष्याचा. साहेबांना काय कळणार? आणि मुलांना शनिवारी व्हालेंटच शिकवील. तू त्याला रंग कालवून दे, ब्रश धुऊन दे, इम्ब्रोला देत होतीस तसं. तुझ्यासारखी रंग कालवणारी जिल्ह्यात नाही, असं तो स्वतः म्हणायचा. ते काही थोडं नाही वहिनी.

हे काम मार्गी लाव. माझ्या भावाची चित्रं शहरात अंधाऱ्या बोळात टांगलेली मला नकोत. आपल्या माणसांनी, आपल्या मातीच्या बुटांनी जिना चढून जाऊन बघितली पाहिजेत.

सॉसेज कधी पाठवतेस?

तुझी,
रोझा


ब्रेस्तोवो, २१ डिसेंबर १९७३

प्रिय रोझावन्सं,

तुमचं पत्र चारदा वाचलं. व्हालेंट भला माणूस आहे, त्याची पिंपं गळत नाहीत. पण त्या काचांना तो हात लावणार नाही.

इम्ब्रोच्या सहीमागं दुसऱ्याचा हात चालेल, असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून मला लिहायला धीर आला. एकोणीस वर्षं त्या सहीमागं दुसराच हात होता. माझा.

पहिले चार हिवाळे त्यानं स्वतः काढली चित्रं. चांगली काढायचा, त्याचे कोंबडे तर आत्ता आरवतील असे. पण त्याला एका जागी बसवत नसे. तुम्ही त्याच्या बहीण, तुम्हाला माहीत आहे, मिसेलासुद्धा दाराशी उभा राहायचा. चौपन्नच्या हिवाळ्यात एक चित्र अर्धं टाकून तो नदीवर गेला. काचेवर एका बाईचे नुसते डोळे होते. मला ते बघवेनात. मी चेहरा केला, डोक्याचा रुमाल केला, मागं बर्फ केलं. संध्याकाळी त्यानं काच उलटी करून बघितली आणि विचारलं, "हे कुणी काढलं?" घरात आम्ही दोघंच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं एका कोऱ्या काचेवर सही केली, माझ्यापुढं ठेवली, म्हणाला, "घे, पुढचं तुझं," आणि गळ घेऊन गेला.

सुरुवातीला गंमत वाटायची. मग गाड्या यायला लागल्या. त्यांना मिशीवाला शेतकरी चित्रकार हवा होता, आणि इम्ब्रो काय बोलायचा, ऐकतच राहावं. मला बोलता येत नव्हतं, त्याला बसता येत नव्हतं. दोघांत मिळून एक चित्रकार झाला. मी पडदा ओढून बसायचे, रोज, कुणाला दिसू नये म्हणून. त्यातली भीती माझीच होती, ती त्याच्या माथी मारत नाही. त्यानं मला कधी वाईट वागवलं नाही. पण वन्सं, एकदा, एका तरी माणसासमोर, त्यानं म्हणायला हवं होतं.

शेवटच्या आठवड्यात उशीला टेकून बसला, तीन काचा मागून घेतल्या, तिन्हींवर सह्या केल्या. म्हणाला, "येला, तुला लागतील." मला काय लागेल ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मला ते मे महिन्यातलं चित्र काढायचंय, आणि त्यावर माझं नाव घालायचंय. पण गावाच्या आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमचा तो भाऊ.

नाताळ चांगला जावो.

येला


श्टुटगार्ट, ६ जानेवारी १९७४

येला,

मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही हे तुला बरं सापडलं.

आमच्या आईनं तुला सून म्हणून आणली तेव्हा तुला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. अक्षरं इम्ब्रोनं शिकवली. त्याच अक्षरांनी तू त्याच्यावर हे लिहिलंस. दालन मिळावं, साहेबांनी पाठ थोपटावी म्हणून भावाची कबर उकरायची?

मी इथं सगळ्यांना सांगितलंय, चित्रं माझ्या भावाची. मला खोटी पाडणार तू? गावासमोर असलं एक अक्षर बोललीस तर मी गाडीत बसून येईन आणि सगळ्यांदेखत तुझं खोटं तुझ्या पदरात घालीन.

पत्र लिहू नकोस. सॉसेजही नकोत.

रोझा साबोलेक


ब्रेस्तोवो, १० मार्च १९७४

रोझावन्सं,

लिहू नकोस म्हणालात, तरी लिहिते. दुसऱ्याकडून कानावर जाण्यापेक्षा माझ्याकडून बरं. मी गावासमोर बोलले. तुमची गाडी कधी येतेय ते कळवा, स्टेशनवर येईन.

बंबवाल्यांची वार्षिक सभा गेल्या रविवारी झाली. तुमच्या पत्रानंतर दोन महिने मी गप्पच होते, गप्पच राहणार होते. सभेत पंपाचं झालं, नळीचं झालं, मग ब्लाझ उभा राहिला. जिल्ह्याला उत्तर द्यायचं होतं. म्हणाला, "आपल्याकडे काम करणारा चित्रकार आहे की नाही, ते लिहून कळवायचंय. नसेल तर चित्रं देऊन टाकू. कुणाला काही बोलायचंय?" आणि बसला नाही. नुसता उभा.

मी कधी उठले मला कळलं नाही. म्हटलं, "चौपन्नपासूनची चित्रं मी काढलीत."

वाटलं, आता हसतील. नाहीतर कुणीतरी म्हणेल, बाई, खाली बसा. तर मागून द्रागाचा आवाज आला, "चला, बोलली एकदाची. मी म्हणत होते, माझं मढं निघेपर्यंत थांबवते की काय."

वन्सं, सगळ्यांना माहीत होतं. सगळ्या गावाला. पहिल्या वर्षापासून.

ब्लाझ म्हणाला, "अगं, इम्ब्रो अख्खा हिवाळा नदीवर माझ्या शेजारी बसलेला. आणि वसंतात घरातून चाळीस चित्रं बाहेर. मासे पकडता पकडता काढली का त्यानं?"

काचवाला टोमो म्हणाला, "मी माप कुणाला विचारायचो? एकोणीस वर्षांत इम्ब्रोला कधी विचारलं?"

मग द्रागा उठली. तिचं तोंड तुम्हाला माहीत आहे. "माझी गाय आटली की मी हिची धार काढायला जायचे ना, हाताची सवय मोडू नये म्हणून. हिला वाटायचं, माझी गाय दरवर्षी बरोबर नोव्हेंबरात आटते. कुठली गाय आटतेय. हिला सकाळचा उजेड मिळावा म्हणून जात होते मी. दोन दोन गाई, या कमरेनं."

सगळे हसले आणि मला रडू फुटलं. मग एकेक करून बोलायला लागले. रविवारी भाकरी जास्त झाली म्हणून काताबाई आणून द्यायची, ती जास्त झालेली नसायची. माझ्या आता सासरी असलेल्या पोरी लहान असताना विधवा मांदा त्यांना गोष्टी सांगायला घेऊन जायची, तिला म्हणे एकटं करमायचं नाही. तिच्या घरी तेव्हा सात माणसं होती. आणि गाड्या आल्या की द्रागा त्यांना अंगणातच अडवून राकियाची दारू पाजायची. मला वाटायचं, बाई बोलकी आहे. ती मला हात धुवायला वेळ देत होती, आणि तेवढ्यात ब्लाझ सायकल मारत नदीवर जाऊन इम्ब्रोला घेऊन यायचा. एकदा तर म्हणे त्याच्या खिशात जिवंत मासा होता.

मी विचारलं, "मग कधी बोलला का नाहीत?"

द्रागा म्हणाली, "तू पडदा ओढून बसायचीस. तो आम्ही कसा सारायचा? तुझी खिडकी."

मला वाटत होतं मी गावाला फसवतेय. आणि गाव मला सांभाळत होतं. शहरात म्हणे चित्रकारांना पैसेवाले लोक पोसतात. मला एका कंबर दुखणाऱ्या बाईनं गाईखाली बसून पोसलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटतो की काय लिहावं कळत नाही.

सभेनं जिल्ह्याला लिहून दिलंय, चित्रकार आहे. नाव लिहिलंय. आता चित्र काढायचंय आणि ४ मेला, बंबवाल्यांच्या संत फ्लोरियानच्या दिवशी, दाखवायचंय.

तुमच्या भावाविषयी तिथं कुणी वाकडं बोललं नाही. मीही नाही.

येला


श्टुटगार्ट, ३१ मार्च १९७४

प्रिय वहिनी,

सहा जानेवारीला ते पत्र टाकलं त्याच दिवशी मी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. दोन महिने तसंच. मुकादमानं विचारलं तर म्हटलं, फ्रेम सैल झालीय.

तुझं सभेचं पत्र आलं तेव्हा चिडूनच ते वळवलं. म्हटलं, बघू तरी काय काढलंय हिनं. आणि वहिनी, आठ वर्षं जे डोळ्यांसमोर होतं ते तेव्हा दिसलं. चित्रातली बाई गाईच्या उजव्या अंगाला बसून धार काढतेय. बरोबर आहे, गाय उजवीकडूनच धार देते. पण काचेवर रंगवताना ती बाई डावीकडे काढावी लागली असणार. म्हणजे काढणारानं आधी गाईचं उजवं अंग मनात धरलं, मग ते फिरवलं. इम्ब्रो जन्मात गाईखाली बसला नाही. त्यानं काढलं असतं तर बाई जिथं जागा मिळेल तिथं बसवली असती, आणि त्या गाईनं तिला लाथ घातली असती. मग नीट बघितलं. बाईनं आपलं डोकं गाईच्या कुशीला टेकलंय, थंडीत आपण टेकतो तसं, ऊब घ्यायला. हे आमच्या इम्ब्रोला कुठून ठाऊक?

मी तिथंच खुर्चीवर बसले. मी तुला काय काय लिहिलं ते आठवलं. तुझ्या अक्षरांवरून बोलले. वहिनी, ते मी लाजेनं काळी होऊन परत घेते. मला माफ कर. मला भाऊ मोठा हवा होता, कारण इथं माझ्याकडे दुसरं काही मोठं नव्हतं.

माझा भाऊ लबाड होता असं मी म्हणणार नाही. भित्रा होता. लोक त्याला बघायला येणं बंद करतील याला भ्यायला. त्याच्या वाटचं मी रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मुकादमाला थांबवून सांगितलं, चित्र माझ्या भावाचं नाही, वहिनीचं आहे. त्यानं विचारलं, त्या अजून काढतात? मी म्हटलं, काढतात म्हणजे, मे महिन्यात नवं दाखवणार आहेत. आणि माझी मान पुन्हा ताठ झाली. आता आपल्या मंडळींतही सगळ्यांना सांगून झालंय. दोघीजणी म्हणाल्या, आम्हाला आधीपासूनच शंका होती. त्यांना कसली शंका, पण म्हणू दे.

रजा ऑगस्टशिवाय मिळत नाही, मे महिन्यात येणं होणार नाही. सोबत सहा बारीक ब्रश पाठवतेय, इथल्या सगळ्यांत चांगल्या दुकानातले. दुकानदारानं विचारलं, कोण रंगवतं? मी सांगितलं.

एक मागते. नाही म्हणालीस तरी चालेल. दालनात इम्ब्रोचंही नाव कुठंतरी असू दे, बारीक अक्षरांत.

तुझी,
रोझा

ता. क. सॉसेज उरली असतील तर पाठव.


ब्रेस्तोवो, ६ मे १९७४

प्रिय रोझावन्सं,

ब्रश पोचले. त्यातल्या सगळ्यांत बारीक ब्रशानं पापणी काढून बघितली आणि द्रागाला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "याच्यापेक्षा बारीक फक्त आमच्या सासूबाईंची नजर." सॉसेज शनिवारच्या गाडीनं येतील.

माफीचं पुन्हा काढू नका. तुमचं पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं आणि मला हलकं वाटलं, तेवढं पुरे.

इम्ब्रोचं नाव बारीक अक्षरांत नाही, मोठ्यात आहे. जिन्यावरून वर आलं की डावीकडची भिंत त्याची. पहिल्या चार हिवाळ्यांची चित्रं, तो सगळ्यात मोठा कोंबडासुद्धा. आणि त्यांच्या शेजारी त्या तीन काचांतली एक लावलीय, तशीच, कोरी, सहीसकट. आकसानं नाही वन्सं. त्याची सही फार देखणी होती, आणि नंतरच्या काचांवर त्याचं खरं असं तेवढंच होतं.

आता परवाचं सांगते.

मी हिवाळाभर चित्राला हात लावलाच नव्हता. ब्लाझला वाटत होतं, घरी तयार असेल. आदल्या दिवशी चित्र न्यायला आला तर मी त्याला मोठी कोरी काच दिली. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, "आपल्याकडे आधी सही करतात. ती मला घरात पडद्यामागं करायची नाही. इतकी वर्षं केली नाही, ती सगळ्यांसमोर करते." त्यानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, "साहेब फीत कापायला कात्री घेऊन येणार आहेत." मी म्हटलं, "येऊ देत, कात्री लागतेच घरात."

शनिवारी बंबवाले गणवेशात, पितळी टोप्या चकाकतायत. माडीवर शिरायला जागा नाही, जिन्यावर माणसं, खाली पंपाच्या गाडीवर माणसं. शेजारच्या तीन गावांतून लोक आलेले. टोमोनं काच उभी करायला चौकट केली होती, ती मधल्या खिडकीपाशी. मी काचेच्या मागं बसले, लोक पुढं. ब्रश लाल रंगात बुडवला.

आणि वन्सं, मी चुकले. एकोणीस वर्षं मी घरं, माणसं, नांगर, सगळं उलटं काढत आले, कधी विचार करावा लागला नाही. पण स्वतःचं नाव कधी काढलेलं नव्हतं. ते मी इम्ब्रोनं वहीत शिकवलं तसं सरळ लिहून टाकलं. मला सरळ दिसत होतं, आणि पुढच्या अख्ख्या गावाला उलटं.

कुणी हसलं नाही. साहेबांना कळेना काय झालंय. कुणीतरी म्हणालं, राहू दे तसंच. मी म्हटलं, "नाही राहू देणार. एकदाच लिहितेय, तर नीट दिसू दे." टर्पेंटाइननं पुसलं. मग शेवटच्या अक्षराकडून सुरुवात केली. क. ले. बो. सा. प्रत्येक अक्षर झालं की पुढून पोरं मोठ्यांदा वाचायची. शेवटी 'येला' झालं तेव्हा पोरांनी सगळं एकदम वाचलं, पहिल्यापासून.

येला साबोलेक. तेवढ्या माणसांच्या तोंडून आपलं नाव ऐकल्यावर काय होतं ते मला माहीत नव्हतं. अभिमान वाटला वन्सं. मला माझाच वाटला. आजवर असलं म्हणायची छाती झाली नव्हती, तुम्हाला लिहिताना होतेय.

टाळ्या थांबल्यावर साहेबांनी हळूच विचारलं, "बाई, आणि चित्र?"

मी म्हटलं, "आता काढते."

मला वाटलं होतं, लोक खाली जेवायला जातील. टेबलं लागली होती, वास येत होता. कुणी हललं नाही. मला रंगवताना त्यांच्यातल्या कुणीच कधी बघितलं नव्हतं ना. सगळे खिडकीपाशी दाटले, द्रागा तर काचेला नाक लावून. मी पहिला ठिपका टेकवला, डोळ्यातला, आणि दुसरा दिसेना. माणसांच्या गर्दीनं अंधार झालेला.

मी मान वर न करता म्हटलं, "उजेडातून बाजूला व्हा बरं जरा."

आणि अख्खं गाव बाजूला सरकलं.

तुमची,
येला साबोलेक